ऊसतोडीची पाळी आणि तिचें गणित

ऊस पिकविणें हें एका कुटुंबाचें काम आहे; परंतु तो वेळेवर तोडला, वाहिला व गाळला जाणें हें एका कुटुंबाच्या हातचें नाहीं. त्यासाठीं बागाईतदार, तोडणीची टोळी, गाडीवान आणि कारखाना या चौघांचे हात एकाच दिवशीं एकमेकांस मिळावे लागतात. चौघांपैकीं एकाचा हात उशिरां आला, तर उरलेल्या तिघांचा दिवस फुकट जातो. ज्वारी चार दिवस अगोदर काढली काय किंवा चार दिवस मागाहून काढली काय, त्यांत शेजाऱ्याचें कांहीं जात नाहीं. उसाची गोष्ट निराळी आहे. एकाचा ऊस पुढें सरकला म्हणजे दुसऱ्याचा मागें जातो, आणि ही मागें जाण्याची परंपरा शिवारभर फिरून शेवटीं सर्वांच्या भावांत उतरते.

"आमची तोड केव्हां?" हा प्रश्न कार्तिकापासून चैत्रापर्यंत प्रत्येक बागाईत गांवच्या पारावर ऐकूं येतो. त्याचें उत्तर बहुधा वशिला, वैर किंवा नशीब या तीन शब्दांपैकीं एकांत दिलें जातें. आमच्या मतें त्याचें खरें उत्तर गणितांत आहे. तें गणित अवघड नाहीं. घरच्या वहींत मांडतां येण्याजोगें आहे. तें बागाईतदारांस कळलें, तर पाळीवरून होणारे निम्मे तंटे मिटतील, आणि उरलेल्या निम्म्यांत कोणाचें खरें व कोणाचें खोटें हें ओळखतां येईल, अशा समजुतीनें हा पाठ लिहिला आहे.

पाळीची जुनी ओळख

आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यास पाळी ही वस्तु नवी नाहीं. दारणा धरण १९१६ सालीं झालें, आणि नांदूर-मधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या गोदावरीच्या कालव्यांनीं कोपरगांव व राहाता हा भाग भिजूं लागला. पुढें १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, आणि ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या प्रवरेच्या कालव्यांनीं संगमनेरपासून श्रीरामपूर, राहुरीपर्यंतच्या रानांत पाणी खेळलें. पाणी मोजकें आणि मागणारे पुष्कळ, अशी स्थिति पहिल्या दिवसापासूनच होती. त्यासाठीं दोन उपाय रूढ झाले. पहिला ब्लॉकचा. गेल्या शतकाच्या आरंभीं विश्वेश्वरय्या यांनीं नीरा कालव्यावर ही पद्धति घातली. तिच्यांत ठरविलेल्या क्षेत्रांपैकीं ठराविक हिस्सा उसास व बाकीचा हलक्या पाण्याच्या पिकांस, असें आधींच बांधून दिलें जाई. दुसरा उपाय शेजपाळीचा. चारीवरील शेतांस एकामागून एक, शेजेनें, पाणी द्यावयाचें, व तें शेवटच्या शेतापासून सुरू करून मुखाकडे यावयाचें.

शेजपाळी ज्यास समजली त्यास तोडीची पाळी समजण्यास वेळ लागणार नाहीं. शेजपाळींत तीन गोष्टी असतात: साधन किती आहे हें अगोदर मोजणें, कोणाची वेळ कोणती हें अगोदर लिहून लावणें, आणि पाळी मोडणाऱ्यानें कोणाचें पाणी तोडलें हें सर्वांस दिसणें. तोडींत नेमक्या याच तीन गोष्टी लागतात. तेथें पाण्याच्या जागीं गाळपाची शक्ति, कोयते व गाड्या असतात, इतकाच फरक.

हरेगांव, टिळकनगर येथील कारखाने खाजगी कंपन्यांनीं काढले, त्या काळीं हा प्रश्न या स्वरूपांत नव्हता. कंपनीनें जमिनी खंडानें घेतल्या होत्या. ऊस तिचा, टोळ्या तिच्या, कारखानाही तिचा. एकाच मालकानें आपल्याच शेतांचा क्रम लावावयाचा होता. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या खटपटीनें व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालीं लोणीजवळ प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामांत त्याचें गाळप सुरू झालें, तेव्हां गोष्ट पालटली. कारखाना एक, परंतु उसाचे मालक अनेक. प्रत्येकाचें रान वेगळें, लागवडीची तारीख वेगळी आणि घरची निकड वेगळी. त्या दिवसापासून तोडीचा क्रम ही मालकाची मर्जी न राहतां सभासदांनीं मिळून करावयाची योजना झाली. ती योजना म्हणून वागविली नाहीं, तर सहकारी कारखान्यांत मालक पुष्कळ झाले एवढेंच होतें. सहकार होत नाहीं.

सर्वांत अरुंद जागा

विहिरीस पाणी कितीही असो, मोट जितकें ओढील तितकेंच पाटांत येतें. मोट मोठी केली पण बैल थकलेले असले, तर बैल ओढतील तितकें येतें. बैलही ताजे लावले पण पाट फुटका असला, तर शेताच्या तोंडाशीं पाट पोंचवील तितकेंच पाणी. चार साधनांनीं मिळून एक काम होत असेल, तेव्हां त्या कामाचा वेग सर्वांत दुबळ्या साधनाइतकाच राहतो. बाकीचीं तीन साधनें वाढवून वेग वाढत नाहीं. उलट त्यांचा खर्च मात्र वाढतो. तोडीच्या योजनेचा हा पहिला नियम होय.

तोडींतील चार साधनें म्हणजे कारखान्याची रोजची गाळपाची शक्ति, कोयत्यांची संख्या, गाड्यांच्या खेपा, आणि उसाच्या पक्वतेचा काळ. पहिलीं तीन माणसाच्या हातचीं आहेत. चौथें निसर्गाच्या हातचें. मात्र चौथ्याचीही लगाम लागवडीच्या दिवशीं माणसाच्याच हातांत असते. त्याविषयीं पुढें लिहिलें आहे.

हंगामाचा हिशेब

समजण्याच्या सोयीसाठीं एक कल्पित कारखाना घेऊं. त्याची गाळपाची शक्ति रोज ५,००० टन. त्याकडे नोंदलेला ऊस २५,००० एकर, आणि सरासरी उत्पन्न एकरीं ३२ टन. म्हणजे एकंदर ऊस ८ लाख टन. गाळप १ नोव्हेंबरास सुरू झालें आणि १४० दिवस चाललें, तर तें २० मार्चास संपेल व ७ लाख टन ऊस गाळला जाईल. उरलेला १ लाख टन, म्हणजे ३,१२५ एकरांवरील ऊस, शेतांत उभा राहील. तो गाळावयाचा तर आणखी २० दिवस पाहिजेत, आणि हंगाम ९ एप्रिलपर्यंत जाईल.

आतां कोयत्यांकडे पाहूं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एक कोयता दिवसाकाठीं सरासरी दीड टन ऊस तोडतो असें धरलें, तर ५,००० टनांस सुमारें ३,३३३ कोयते लागतात. त्या वर्षीं ३,००० च आले, तर रोज ४,५०० टनच तुटेल. कारखान्याच्या यंत्रास ५,००० टनांची भूक असून उपयोग नाहीं. ८ लाख टनांस आतां १७८ दिवस लागतील, आणि शेवटची गाडी २७ एप्रिलास वजनकांट्यावर येईल. नऊ-दहा टोळ्यांमागें एक टोळी कमी आली, एवढ्यानें हंगाम अठरा दिवस लांबला.

याच्या उलटही होतें. कोयते ४,००० आले तर रोज ६,००० टन तुटूं लागेल. परंतु कारखाना ५,००० च गाळील. उरलेला १,००० टन गाडीवर किंवा फडांत पडून राहील. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आंत गाळला जाणें इष्ट असतें. पुढें तो सुकून वजन घटतें, व रसांतील साखरेचें दुसऱ्या, दाणा न धरणाऱ्या साखरेंत रूपांतर होऊं लागतें. उन्हाळ्यांत ही हानि अधिक वेगानें होते. तेव्हां "आणखी टोळ्या आणा" ही मागणी प्रत्येक वेळीं बरोबर नसते. प्रथम अरुंद जागा कोणती तें पाहावें, आणि मगच मागणी करावी.

खेपांचा व तासांचा हिशेब

गाडीवाहतुकीचा हिशेब दिवसांनीं नव्हे, तासांनीं करावा लागतो. रोज ५,००० टन म्हणजे तासीं सुमारें २०८ टन. आतां सायंकाळच्या सहा तासांत ३,००० टनांच्या गाड्या एकदम आल्या असें समजा. त्या सहा तासांत कारखाना सुमारें १,२५० टन घेईल. १,७५० टन अड्ड्यावर उभा राहील, आणि तो संपण्यास आणखी आठ तासांहून अधिक वेळ लागेल. दिवसाची एकंदर बेरीज बरोबर असूनही शेवटच्या गाडीवानाची रात्र अड्ड्यावर गेली, त्याच्या बैलांस विसांवा मिळाला नाहीं, आणि दुसऱ्या दिवशींची त्याची खेप बुडाली. खेप बुडाली म्हणजे फडांत तोडलेल्या मोळ्या पडून राहिल्या, आणि टोळीस हात आंवरून बसावें लागलें.

म्हणून दूरच्या व जवळच्या शिवारांची सांगड घालून तोड द्यावी. दोन कोसांवरची बैलगाडी दिवसांत दोन खेपा करूं शकते. पांच कोसांवरची एकच. जवळच्या शिवारांतून बैलगाड्या व दूरच्या शिवारांतून ट्रॅक्टर किंवा ट्रक लावले, आणि त्यांच्या येण्याच्या वेळा वेगळ्या ठेवल्या, तर त्याच गाड्यांत अधिक ऊस पोंचतो. नवीन गाडी विकत घेण्यापूर्वीं जुन्या गाडीचा उभा राहण्याचा वेळ कमी होतो कीं काय, हें पाहणें स्वस्त पडतें.

क्रम कसा लावावा

क्रम लावण्याच्या दोन रीती लोकांस सुचतात. एक म्हणजे केवळ लागवडीच्या तारखेप्रमाणें; दुसरी म्हणजे केवळ शेजेप्रमाणें. दोन्हींत गुण आहेत व दोन्हींत दोष आहेत.

तारखेची रीत न्यायाची दिसते. परंतु ३ जुलैचें शेत गांवाच्या पूर्वेस, ४ जुलैचें पश्चिमेस आणि ५ जुलैचें पुन्हां पूर्वेस असें असलें, तर टोळी रोज बिऱ्हाड हलवील. एका हलविण्यांत अर्धा दिवस गेला, तर दिवसास २४ टन तोडणाऱ्या टोळीची १२ टनांची तोड बुडते. उलट केवळ शेजेनें गेल्यास टोळीचा वेळ वांचतो. परंतु पक्व उसाच्या शेजारचा कोंवळा ऊसही त्याबरोबर कापला जातो.

आमच्या मतें दोहोंचा मेळ असा घालावा. प्रथम सर्व नोंदलेल्या उसाचे पक्वतेप्रमाणें पंधरवडे पाडावेत. कोणता ऊस कोणत्या पंधरवड्यांत जावा, हें वय व जात यांवरून ठरवावें. जुलै-ऑगस्टची आडसाली लागण सोळा ते अठरा महिन्यांची, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी चौदा-पंधरा महिन्यांची, जानेवारी-फेब्रुवारीची सुरू बारा-तेरा महिन्यांची, आणि खोडवा अकरा-बारा महिन्यांचा झाला म्हणजे तोडीस येतो. कोसी ६७१ सारखी लवकर पक्व होणारी जात हंगामाच्या आरंभीं घ्यावी. को ८६०३२ सारख्या मागाहून भरणाऱ्या जातीस वेळ द्यावा. शंका असेल तेथें ब्रिक्स मोजण्याचें हातांतलें यंत्र, रिफ्रॅक्टोमीटर, लावावें. उसाच्या बुडख्याकडील व शेंड्याकडील कांड्यांच्या रसाचे आंकडे एकमेकांजवळ आले म्हणजे ऊस पक्व झाला असें समजावें. यंत्र वशिला ओळखीत नाहीं, हा त्याचा मोठा गुण आहे.

असे पंधरवडे पाडल्यावर, एका पंधरवड्याच्या आंत मात्र शेजेनें जावें. पंधरा दिवसांच्या फरकानें पक्वतेंत फारसें अंतर पडत नाहीं, आणि टोळीचें हिंडणें वांचतें.

एकाच शेजेंतील व एकाच पंधरवड्यांतील शेतांत पहिलें कोणतें? येथें एक लहानसें उदाहरण उपयोगी पडेल. सोळा कोयत्यांची टोळी दिवसास २४ टन तोडते. तिच्यापुढें चार शेतें आहेत: पहिलें ६ एकरांचें, दुसरें ३ एकरांचें, तिसरें दीड एकराचें, चौथें ३० गुंठ्यांचें. एकरीं ३२ टन धरल्यास त्यांस अनुक्रमें ८, ४, २ व १ दिवस लागतो. एकंदर १५ दिवस. मोठें शेत प्रथम घेतलें, तर चौघांचीं शेतें अनुक्रमें ८ व्या, १२ व्या, १४ व्या व १५ व्या दिवशीं मोकळीं होतात. सरासरी सव्वाबारा दिवस. लहान शेत प्रथम घेतलें, तर तीं १ ल्या, ३ ऱ्या, ७ व्या व १५ व्या दिवशीं मोकळीं होतात. सरासरी साडेसहा दिवस. टोळी तीच, ऊस तोच, काम संपण्याचा दिवसही तोच. तरी सरासरी वाट पाहणें जवळजवळ निम्म्यावर आलें. मोठ्या बागाईतदाराची तोड ८ व्याऐवजीं १५ व्या दिवशीं संपली, हें खरें. परंतु तो दिवस त्याच्या पंधरवड्याच्या आंतलाच आहे, आणि ३० गुंठ्यांच्या धन्यास चौदा दिवस अगोदर रान मोकळें मिळालें. ज्याचें एकच शेत आहे त्यास त्या चौदा दिवसांची किंमत अधिक असते.

या क्रमास अपवाद असावेत, पण ते लिहिलेले असावेत. पुरानें वेढलेला, वादळानें लोळलेला, तुरा आलेला, किडीनें पोखरलेला किंवा जळालेला ऊस अगोदर घेणें योग्यच आहे. परंतु जळका ऊस लवकर नेतात म्हणून मुद्दाम फड पेटविण्याची जी वाईट खोड कांहीं ठिकाणीं दिसते, ती मुळांतून मोडली पाहिजे. जळक्या उसाच्या भावांत कपात होते, पाचट गेल्यानें रानाचें खत जातें, आणि शेजाऱ्याचा फडही धोक्यांत येतो.

उताऱ्याचा पैसा सामाईक आहे

पाळी मोडणाराचें नुकसान होत नाहीं, म्हणून तो ती मोडतो, असें म्हणतात. हें अर्धेंच खरें आहे. बागाईतदारास पैसे वजनावर मिळतात; परंतु टनाचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर बसविला जातो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशांत २००९ सालीं दुरुस्ती होऊन जो उचित व लाभकारी भाव, म्हणजे एफआरपी, ठरूं लागला, त्यांतही उताऱ्याचाच आधार आहे. तुमच्या उसांत साखर किती होती हें वेगळें मोजलें जात नाहीं. सर्वांचा रस एकाच कढईंत पडतो.

आमच्या कल्पित कारखान्यांत ८ लाख टन ऊस आहे. शेंकडा एकच्या दहाव्या हिश्श्याइतका उतारा घटला, तर ८०० टन, म्हणजे ८,००० क्विंटल साखर कमी झाली. कोंवळा ऊस वशिल्यानें पुढें घातला गेला, आणि पक्व ऊस उन्हांत उभा राहून पोकळ झाला, म्हणजे ही घट दोन्हीकडून येते. पुढें जाणारास त्याचें वजन मिळतें. घट मात्र सर्व सभासदांत वांटली जाते, आणि त्यांत त्याचाही वांटा असतोच. शेजपाळींत चोरून पाणी घेणारास शेजारी ओळखतो, कारण त्याचें शेत कोरडें पडतें. उताऱ्याची चोरी दिसत नाहीं. म्हणूनच ती आंकड्यांनीं दाखविली पाहिजे.

तोड लागवडीच्या दिवशींच ठरते

आतां सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. तोडीचा क्रम नोव्हेंबरांत लावूं म्हणणें म्हणजे चारींत पाणी आल्यावर पाळीपत्रक लिहावयास बसण्यासारखें आहे. महिन्याचें गाळप दीड लाख टन असेल, तर प्रत्येक महिन्यांत दीड लाख टनांइतकाच, म्हणजे सुमारें ४,७०० एकरांचा, ऊस पक्व व्हावा अशी लागवड पाहिजे. सर्वांनीं जुलैंतच लागण केली, तर नोव्हेंबर-डिसेंबरांत ८ लाख टन ऊस पक्व होऊन उभा राहील, आणि त्या दोन महिन्यांत गाळला जाईल फक्त ३ लाख टन. उरलेल्या ५ लाख टनांसाठीं कोणीही, कितीही प्रामाणिक असला तरी, न्याय्य पाळी लावूं शकणार नाहीं. कारण तेथें पाळीचा प्रश्नच उरत नाहीं. कोणाचें नुकसान प्रथम करावें एवढाच प्रश्न उरतो.

यास्तव आडसाली, पूर्वहंगामी, सुरू व खोडवा यांचें प्रमाण प्रत्येक गटानें लागवडीपूर्वींच ठरवून घ्यावें, आणि खरी तारीख नोंदवावी. लवकर पाळी यावी म्हणून लागण महिनाभर मागच्या तारखेस नोंदविणें हें कित्येकांस चातुर्याचें वाटतें. परंतु सर्वांनींच तसें केलें म्हणजे कोणीच पुढें जात नाहीं, आणि नोंदवहीचा उपयोग मात्र नाहींसा होतो.

उशिराची तोड एका वर्षांत संपत नाहीं, हेंही ध्यानांत धरावें. एप्रिलांत तुटलेल्या उसाच्या खोडव्यास कडक उन्हांत फुटवा नीट येत नाहीं, आणि आला तरी तो पुढील हंगामांत पुन्हां उशिराच पक्व होतो. फेब्रुवारीच्या मध्यापुढें तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवूं नये, अशी शिफारस याच कारणानें केली जाते. शिवाय उभ्या उसास चैत्र-वैशाखांत दोन-तीन पाणी जास्त द्यावें लागतें. भंडारदऱ्याच्या व दारणेच्या आवर्तनांतील तें पाणी चाऱ्याचें व इतर पिकांचें असतें. तोडीची पाळी चुकली म्हणजे पाण्याची पाळीही तुटते, ती अशी.

तारीख अगोदर कळण्याचें मोलही कमी नाहीं. तोडीपूर्वीं दोन-तीन आठवडे पाणी तोडलें म्हणजे रस घट्ट होतो. परंतु पाणी तोडावें आणि टोळी येऊं नये, असें झालें तर वजन जातें. न तोडावें आणि टोळी अकस्मात् यावी, तर उतारा जातो. तोड आठ दिवस उशिरां होणार हें ठाऊक असलें, तर बागाईतदार आपली व्यवस्था करूं शकतो. तोड केव्हां होणार हेंच ठाऊक नसलें, तर तो कांहींच करूं शकत नाहीं.

२०२१-२२ चा धडा

योजनेपेक्षां ऊस अधिक झाला म्हणजे काय होतें, हें २०२१-२२ च्या हंगामानें दाखविलें. पाऊस चांगला, विहिरी भरलेल्या. लागवड पुष्कळ झाली. महाराष्ट्रांत त्या हंगामांत १,३०० लाख टनांहून अधिक ऊस गाळला गेला. तरीही कांहीं भागांत, विशेषतः मराठवाड्यांत, मे महिन्यांत ऊस उभा होता, आणि गाळप जूनपर्यंत लांबलें. एवढ्या उशिरां टोळ्या परत जाऊं लागतात, ऊन वाढतें व उतारा पडतो. १ मेनंतर गाळलेल्या उसासाठीं सरकारास दर टनीं २०० रुपये उताऱ्याच्या घटीपोटीं मंजूर करावे लागले. त्या वर्षीं कारखाने दिवसरात्र चालू होते. हलगर्जीपणा हें मुख्य कारण नव्हतें. लागवडीची बेरीज व गाळपाची बेरीज कोणी वेळेवर शेजारी-शेजारी मांडून पाहिली नाहीं, हें खरें कारण होय. जुलैंत केलेली वजाबाकी पुढील मे महिन्यांतल्या कोणत्याही अनुदानापेक्षां स्वस्त पडते.

टोळीचाही दिवस मोजावा

तोडणीच्या टोळ्या आपल्याच जिल्ह्याच्या पाथर्डी, शेवगांव, जामखेड या भागांतून व शेजारच्या बीड जिल्ह्यांतून येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल त्यांस टनांवर फेडावयाची असते. म्हणून कारखाना बंद राहिला, गाडी आली नाहीं किंवा बिऱ्हाड हलविण्यांत दिवस गेला, कीं त्यांची मजुरी बुडते आणि उचल मात्र तशीच राहते. योजनेंतील प्रत्येक चुकीचा पहिला मार या माणसांवर पडतो. अशा स्थितींत जेथें खुशाली अधिक मिळेल तिकडे टोळी वळते, याचें नवल वाटूं नये. खुशाली देऊन पाळी विकत घेणारा बागाईतदार प्रथम टोळीस व नंतर साऱ्या गटास तीच संवय लावतो. पुढील वर्षीं तिचा दर वाढलेला असतो, आणि पाळी पुन्हां जेथल्या तेथें असते. टोळीस सलग काम, पिण्याचें पाणी व उतरण्यास नीट जागा मिळाली, तर ती वळत नाहीं, आणि ऊसही जमिनीलगत, बुडखा न ठेवतां तोडते.

हल्लीं तोडणीचीं यंत्रें आलीं आहेत. त्यांनीं कोयत्यांची उणीव कांहीं अंशीं भरून निघेल; परंतु त्यांसही सलग क्षेत्र व रुंद सरी लागते. अर्ध्या एकरांत वळणें घेण्यांतच यंत्राचा वेळ जातो. शेजाऱ्यांनीं एकाच वेळीं, एकाच जातीची, सारख्या सरीची लागण केली, तरच यंत्राचा उपयोग. म्हणजे यंत्र आलें तरी मेळ घालण्याचें काम टळत नाहीं. उलट तें लागवडीपासूनच करावें लागतें.

बागाईतदारांनीं काय करावें

१. प्रत्येक गटानें जूनमध्यें एक बैठक घेऊन पुढील हंगामाचें गाळप, कोयते व खेपा यांचे आंकडे कारखान्याच्या शेतकी खात्याकडून मागून घ्यावेत, आणि त्यांतील सर्वांत लहान आंकड्याइतकीच लागवड महिनेवार वांटून घ्यावी.

२. लागवडीची तारीख, जात व क्षेत्र खरें नोंदवावें, आणि नोंदीची यादी गांवांत सर्वांस वाचतां येईल अशी लावावी.

३. तोडीचा कार्यक्रम पंधरवड्यापंधरवड्यानें, आठ दिवस अगोदर, गट कचेरींत व गांवच्या चावडींत लावण्याचा आग्रह धरावा. त्यांत बदल झाला तर बदलाचें कारण त्याच कागदावर लिहिलेलें असावें. कारण लिहावें लागलें, तर चिटबॉयासही नाहीं म्हणतां येतें, आणि संचालकासही.

४. पंधरवड्याच्या आंत शेजेनें जावें. शेज एकच असेल तेथें लहान क्षेत्र अगोदर घ्यावें.

५. अपवाद लिहून ठरवावेत, व ते पंचांनीं शेत पाहून द्यावेत.

६. हंगाम संपल्यावर ठरलेली तारीख व प्रत्यक्ष तोडीची तारीख शेजारी-शेजारी मांडून गटाच्या बैठकींत वाचावी. किती दिवसांचा फरक पडला, आणि तो कोयत्यांमुळें, गाड्यांमुळें, कारखाना बंद पडल्यामुळें कीं पाळी मोडल्यामुळें, हें लिहून ठेवावें. पुढील वर्षाची अरुंद जागा त्याच कागदांत सांपडते.

या सहा गोष्टींस भांडवल लागत नाहीं. एक वही, एक फळा आणि खरें लिहिण्याची तयारी लागते. पोटचारीवर शेवटच्या शेतास पहिलें पाणी देण्याची रीत ज्या शिवारांत चालते, तेथें ३० गुंठ्यांच्या धन्यास पहिली तोड देण्याची रीतही चालूं शकेल. यंदाच्या आडसालीची लागण सुरू होण्यापूर्वीं प्रत्येक गटानें निदान पहिली बैठक घ्यावी, आणि महिनेवार एकरांची बेरीज फळ्यावर मांडून पाहावी.